ग्राउंड हँडलिंगचे नवे सुरक्षा नियम: तयारी कुठून सुरू करायची?

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी: ते एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत (विमान जमिनीवर असताना सामान, ढकलणं अशी कामं करणाऱ्या) स्टेशनवर, म्हणजे एका विमानतळावरच्या शाखेत, सेफ्टीचं काम बघतात. नवे सुरक्षा नियम लागू व्हायला साधारण दीड वर्ष आहे. वरून सांगितलं गेलंय की सल्लागार नेमू, मॅन्युअल लिहून घेऊ, सगळ्यांना एक दिवसाचं ट्रेनिंग देऊ, म्हणजे झाली तयारी. त्यांना हे पटत नाहीये. मग नेमकं काय करायचं आणि सल्लागार घ्यायचा की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचंय.

तुम्हाला पटत नाहीये ते योग्यच आहे. मी सामान चढवणारा लोडर म्हणून रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या भागात, आलो. मग बेल्ट लोडर (सामान विमानात चढवणारी पट्ट्याची गाडी), पुशबॅक (विमान मागे ढकलणं), लोड कंट्रोल (वजनाचा हिशेब) असं करत करत सेफ्टीत आणि ऑडिटला पोचलो. या काळात नियम बदलताना बरेचदा पाहिले. कागद वेळेत तयार झाले नाहीत म्हणून अडलेलं स्टेशन मी एकही पाहिलं नाही. कागद व्यवस्थित आणि स्टँडवर (विमान उभं करायच्या जागेवर) भलतंच चाललेलं, अशी स्टेशनं मात्र भरपूर पाहिली.

आधी बदल काय आहे ते बघू, कारण तो नीट कळला नाही तर तयारीची दिशाच चुकते. सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम (धोके शोधून आवरायची ठरलेली व्यवस्था) ठेवणं विमान कंपन्या, देखभाल संस्था, हवाई वाहतूक नियंत्रण आणि विमानतळ चालवणाऱ्या संस्था यांना आयकाओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट १९ खाली बंधनकारक आहे. हे परिशिष्ट २०१३ साली लागू झालं. त्या यादीत ग्राउंड हँडलर नव्हता. आपल्यापर्यंत नियम यायचा तो विमान कंपनीच्या करारातून, नाहीतर विमानतळाच्या अटींतून. त्यामुळे ज्याचं विमान त्याचं मॅन्युअल. एकाच शिफ्टमध्ये एकच माणूस तीन कंपन्यांची विमानं तीन वेगळ्या पद्धतींनी ढकलायचा, आणि वर्षभर एकामागून एक ऑडिटर येऊन तेच प्रश्न विचारून जायचे. आयाटाने (विमान कंपन्यांच्या संघटनेने) २००८ मध्ये हँडलरसाठी आयसागो हे सुरक्षा ऑडिट सुरू केलं, पुढे आयगॉम हे सामाईक मॅन्युअल आणलं. त्याने गोंधळ कमी झाला, पण ते सगळं उद्योगाने स्वतःहून मान्य केलेलं. २०१९ मध्ये आयकाओने ग्राउंड हँडलिंगवर स्वतंत्र मॅन्युअल काढलं, दस्तऐवज क्रमांक १०१२१. ज्यांनी ते अजून उघडलं नसेल त्यांनी आधी ते वाचावं.

कायद्याच्या पातळीवर सगळ्यात स्पष्ट पाऊल युरोपने टाकलंय. तिथल्या २०१८ च्या मूळ विमान सुरक्षा कायद्यात ग्राउंड हँडलिंग आलं. त्यावरचे सविस्तर नियम, म्हणजे २०२५/२० आणि २०२५/२३, मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २७ मार्च २०२८ पासून लागू होणार आहेत. तिथे हँडलरला लायसन घ्यावं लागत नाही. त्याने नियामकाकडे स्वतः घोषणापत्र द्यायचं: आमची व्यवस्था अशी आहे, माणसं प्रशिक्षित आहेत, उपकरणांची देखभाल होते, आणि आम्ही नियमाप्रमाणे काम करतो. स्वतःच्या विमानांचं हँडलिंग स्वतः करणाऱ्या विमान कंपन्याही त्यातून सुटलेल्या नाहीत.

तुम्हाला लागू होणाऱ्या नियमाचा मजकूर वेगळा असेल. पण सगळीकडे वारा एकाच दिशेने वाहतोय: आजवर विमान कंपनीच्या आडोशाला असलेला हँडलर आता नियामकासमोर स्वतःच्या नावाने उभा राहणार. घोषणापत्राची पद्धत ऐकायला सोपी वाटते. मला ती लायसनपेक्षा जड वाटते. लायसन देताना समोरचा आधी तपासतो आणि मग शिक्का मारतो. घोषणापत्रात तुम्ही आधी लिहून देता की सगळं ठीक आहे, तो नंतर कधीही येऊन बघतो. लिहिलेलं आणि घडणारं यात फरक सापडला, तर तो तुमच्या सहीखाली सापडतो.

म्हणून पहिले दोन महिने मॅन्युअलला हात लावू नका. वही घ्या आणि स्टँडवर जा.

एक उदाहरण देतो. बेल्ट लोडर असो की कंटेनर चढवणारा हाय लोडर, विमानाजवळ नेताना वाटेत थांबून ब्रेक तपासायचा आणि मग चालण्याच्या वेगाने पुढे जायचं, हा नियम कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळेल. एका स्टेशनवर सगळ्यांनी त्याची परीक्षा दिलेली, सगळे पास. मी दुपारभर एका स्टँडवर उभा राहिलो. एकही ड्रायव्हर थांबत नव्हता. सुपरवायझर म्हणाला, पोरं ऐकत नाहीत. मी एका जुन्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारलं. त्याने बोटाने जमीन दाखवली. ब्रेक तपासायला जिथे थांबायचं, नेमक्या तिथेच इंधनाची गाडी लागत होती, कारण त्या स्टँडवरचा हायड्रंट पिट (जमिनीखालच्या इंधनाचं तोंड) तिथे होता. थांबायचं तर इंधनाच्या होजजवळ थांबावं लागे, आणि तिथे गाडी उभी करायची नाही हा दुसरा नियम. दोन नियमांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसाने दोन्ही टाळून सरळ आत जायचा मार्ग काढला होता. बाकीच्यांनी त्याचं बघून तेच उचललं, आणि मग ज्या स्टँडवर पिट दुसरीकडे होता तिथेही कुणी थांबेना.

आम्ही काय केलं? त्या स्टँडसाठी लोडरचा येण्याचा मार्ग बदलला, थांबायची जागा रंगवून घेतली, आणि इंधनवाल्यांच्या सुपरवायझरला सोबत बसवून गाड्यांचा क्रम ठरवला. दोन आठवड्यांत ब्रेक तपासणी सुरू झाली. ट्रेनिंगची एकही नवी स्लाइड लागली नाही.

म्हणून गॅप ॲनालिसिस (नियम आणि आपलं काम यांतला फरक शोधणं) करताना दोन रकान्यांवर थांबू नका. बहुतेक लोक एका बाजूला नियम आणि दुसऱ्या बाजूला आपलं मॅन्युअल ठेवून टिक करत जातात. तिसरा रकाना हवा: स्टँडवर काय होतं. तो टेबलावर बसून भरता येत नाही. दिवसपाळीत भरू नका, रात्री भरा. पावसात भरा. दोन विमानं पाठोपाठ आली आणि माणसं तेवढीच आहेत, तेव्हा भरा. चॉक (चाकांचे अडसर) लागायच्या आधी कोण आत शिरतो, विमानाभोवतीचे सावधानतेचे कोन कोण ठेवतो, विंगवॉकर (पंखाशी चालत लक्ष ठेवणारा) खरंच पंखाच्या टोकाशी असतो की टगजवळ (विमान ढकलणाऱ्या गाडीजवळ) गप्पा मारत, बायपास पिन (ढकलताना पुढच्या चाकाचं स्टिअरिंग बंद ठेवणारी) काढल्यावर ती कॉकपिटला दाखवली जाते का, एफओडीची (जमिनीवर पडलेल्या धोकादायक वस्तूंची) पाहणी विमान येण्याआधी होते की आल्यावर, हे सगळं लिहा. माणसांची नावं लिहू नका. वहीत नाव दिसलं की पुढच्या वेळी तुम्हाला खरं दिसणार नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येतो. नियमात तिला एखाद-दोन कलमं असतील, पण तुमची सगळी तयारी तिच्यावर टांगलेली आहे. विमानाला उपकरण घासलं, तर ज्याच्या हातून घासलं तो माणूस त्याच मिनिटाला ते सांगेल का?

२६ डिसेंबर २००५ रोजी अलास्का एअरलाइन्सचं ५३६ क्रमांकाचं विमान सिएटलहून निघालं. एमडी-८३ जातीचं विमान. उड्डाणाआधी रॅम्पवर एका वाहनाचा त्याच्या अंगाला धक्का लागला होता आणि ते कुणाला सांगितलं गेलं नव्हतं. सुमारे २६,००० फुटांवर असताना त्या जागी साधारण एक फूट लांब भोक पडलं आणि केबिनमधला हवेचा दाब गेला. वैमानिकांनी विमान सुखरूप परत आणलं. धक्का देणाऱ्या माणसाने तो लागल्याचं नंतर कबूल केलं. मी ही घटना प्रत्येक बॅचला सांगतो, आणि दरवेळी एकच प्रश्न विचारतो: त्याच्या जागी तुम्ही असता, तर सांगितलं असतं का? पहिली काही मिनिटं सगळे हो म्हणतात. चहाच्या सुट्टीत एकेक जण येऊन खरं बोलतो.

नव्या विमानांमुळे हे आणखी गंभीर झालंय. ॲल्युमिनियमला पोचा पडला की तो दिसतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० च्या बॉडीत वजनाच्या हिशेबाने निम्म्याच्या आसपास कंपोझिट (धाग्यांचे थर चिकटवून केलेलं साहित्य) आहे. त्याला मार बसला तर वरून रंग जेमतेम खरचटलेला दिसेल, किंवा काहीच दिसणार नाही, आणि आतले थर सुटलेले असतील. ‘बघितलं, काही नाही झालंय’ हे वाक्य तिथे चालत नाही. तिथे धक्का लागल्याचं कळण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो, तो म्हणजे ज्याने धक्का दिला त्याचं तोंड.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. रात्रपाळी होती. नोकरीला वर्षही न झालेला मुलगा बेल्ट लोडर लावत होता. रबरी बंपर कार्गो दरवाजाच्या खालच्या कडेला टेकला. आवाजही झाला नाही. तो उतरला, त्या जागेवरून तळहात फिरवला, दोन पावलं मागे आला, पुन्हा पुढे जाऊन हात फिरवला. मग सरळ लोड सुपरवायझरकडे गेला आणि म्हणाला, सर, टच झालंय. इंजिनिअर आला, तपासणी झाली, विमानाला काहीही झालेलं नव्हतं. पण उड्डाणाला तीन तास उशीर झाला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला ड्युटीवरून उतरवलं, लेखी खुलासा मागवला, आणि त्याची बेल्ट लोडरची परवानगी काढून त्याला बॅगेज हॉलमध्ये पाठवलं. पुढचे कित्येक महिने त्या स्टेशनवरून एकही रिपोर्ट आला नाही. मॅनेजर प्रत्येक मीटिंगमध्ये अभिमानाने सांगायचे, शून्य घटना. मला त्या शून्याची धास्ती वाटायची. विमानं तीच होती, लोडर तेच होते, बंपरही तेवढेच झिजलेले. फक्त सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

तुमच्या स्टेशनवर रिपोर्ट किती येतात ते आजच बघा. फार कमी येत असतील तर खुश होऊ नका. युरोपात २०१४ च्या ३७६ क्रमांकाच्या नियमानुसार ठरावीक प्रकारच्या घटना ७२ तासांच्या आत कळवाव्या लागतात, आणि चूक सांगणाऱ्याला त्या सांगण्यावरून शिक्षा करायची नाही हे तत्त्व त्या कायद्यातच आहे. मुद्दाम केलेला किंवा अगदी बेफिकीर प्रकार त्यात येत नाही. तुमच्याकडे कायदा असो वा नसो, हे धोरण कंपनीच्या सर्वांत वरच्या माणसाच्या सहीने लेखी घ्या. तेवढ्याने भागत नाही, कारण पोरं कागदावर विश्वास ठेवत नाहीत. ती वाट बघतात, पुढच्या वेळी कुणी सांगितलं तर त्याचं काय होतं याची. त्या पहिल्या माणसाशी तुम्ही कसं वागता त्यावर पुढची दोन वर्षं ठरतात. तो ब्रीफिंगला उभा असताना सगळ्यांसमोर त्याचे आभार माना, आणि बंपर का झिजला होता, लाइट कमी का होता, त्याला गाइड करायला कुणी का नव्हतं, हे पुढच्या आठवड्यात सगळ्यांना सांगा. रिपोर्ट दिल्यावर काय बदललं हे कळलं नाही तर चांगला माणूसही तिसऱ्या वेळी फॉर्म भरत नाही.

रिपोर्ट द्यायची पद्धतही बघा. हातमोजे घातलेला, घामेजलेला माणूस शिफ्ट संपल्यावर कॉम्प्युटरवर लॉगिन करून चार पानांचा फॉर्म भरणार नाही. रेडिओवर किंवा सुपरवायझरला तोंडी सांगितलेलं ग्राह्य धरा, लिहायचं काम ऑफिसने करावं.

ट्रेनिंगबद्दल. एक दिवसाचा वर्ग घेऊन सह्या गोळा करण्याला मी तयारी मानत नाही. नव्या नियमांचा रोख माणसाला काय माहीत आहे यापेक्षा तो काय करू शकतो यावर आहे. धोकादायक मालाच्या बाबतीत हा बदल होऊन गेलाय: १ जानेवारी २०२३ पासून आयाटाच्या नियमावलीत जुन्या कर्मचारी-श्रेणींऐवजी प्रत्यक्ष कामानुसार क्षमता ठरवून ट्रेनिंग द्यावं लागतं. तेव्हा बऱ्याच ठिकाणी जुन्याच स्लाइडवर नवं शीर्षक चढवलेलं मी पाहिलं. ऑडिटमध्ये ते दहा मिनिटांत उघडं पडतं. ऑडिटर सर्टिफिकेट बघत बसत नाही. तो लोडरच्या हातात एक खोकं देतो आणि विचारतो, हे लेबल बघून तू आता काय करशील?

ब्रीफिंगवर फार विसंबू नका, हेही सांगतो. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत मॉन्टगोमेरी विमानतळावर स्टँडवर आलेल्या विमानाच्या चालू इंजिनात ओढली जाऊन एका रॅम्प कर्मचाऱ्याचा जीव गेला. विमानाचं एपीयू (जमिनीवर वीज देणारं छोटं इंजिन) बंद होतं, त्यामुळे जमिनीवरून वीज जोडेपर्यंत इंजिन चालू राहणार हे आधीच माहीत होतं. तपास संस्थेच्या प्राथमिक अहवालानुसार विमान येण्याआधी त्या टीमला दोनदा एकत्र बोलावून हेच सांगितलं गेलं होतं: इंजिन चालू राहील, बीकन (विमानाचा लुकलुकणारा दिवा) विझेपर्यंत जवळ जाऊ नका. दोनदा सांगितलं होतं आणि तरी हे घडलं. मी हा अहवाल वाचला तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही, कारण आमच्याकडेही उपाय म्हणून आम्ही ‘ब्रीफिंग वाढवा’ असंच लिहीत आलो होतो. रोजच्या कामात हातपाय आपोआप चालतात. विमान थांबलं की कोन उचलायचा, ही सवय हजार वेळा झालेली असते, आणि त्या एका दिवशी ती मोडायची असते. ती शब्दांनी मोडत नाही. अशा विमानासाठी कोन आणि चॉक हातात देऊच नका, ते टीम लीडरकडे ठेवा. सगळ्यांना रेषेच्या मागे उभं करा आणि एकाच माणसाच्या इशाऱ्याशिवाय रेषा ओलांडायची नाही असं ठरवा. सवयीचं पहिलं पाऊलच पडणार नाही अशी मांडणी करावी लागते. तुमच्याकडे एपीयू बंद असलेलं विमान आलं तर वेगळी कार्यपद्धती आहे का, ते आज तपासा. नियम लागू व्हायची वाट बघू नका.

उपकरणांबद्दल थोडक्यात. जीएसईच्या (रॅम्पवरच्या गाड्या-उपकरणांच्या) देखभालीचा लेखी कार्यक्रम आणि त्याच्या नोंदी आता मागितल्या जाणार. बहुतेक वर्कशॉपमध्ये काम होतं, नोंद होत नाही. ते दुरुस्त करणं सोपं आहे. अवघड आहे ती ‘वापरू नये’ची लाल पाटी. ब्रेक मऊ लागतो म्हणून ड्रायव्हरने टग बाजूला लावला आणि शिफ्ट इन्चार्जने गर्दीच्या वेळी पाटी काढून तोच टग पुन्हा बाहेर काढला, हे कुठे घडत नाही असं मला कुणी सांगू नये. पाटी लावायचा अधिकार कुणालाही, काढायचा फक्त मेकॅनिकला, एवढं ठरवा आणि पाळा. नवी खरेदी होणार असेल तर विमानाजवळ आपोआप वेग कमी करणारे आणि थांबणारे सेन्सर असलेलीच उपकरणं मागा. आयाटाच्या २०२२ च्या अभ्यासानुसार काही केलं नाही तर २०३५ पर्यंत जमिनीवर होणाऱ्या विमानांच्या नुकसानीचा जगभरचा वार्षिक खर्च १० अब्ज डॉलरच्या जवळ जाऊ शकतो. बेल्ट लोडर, कार्गो लोडर, शिड्या आणि एरोब्रिज यांतले ७५ टक्के अशा सुधारित प्रकारचे झाले तर प्रत्येक टर्नअराउंडमागचा (विमान येऊन पुन्हा निघेपर्यंतच्या फेरीमागचा) नुकसानीचा अपेक्षित खर्च ४२ टक्क्यांनी कमी होईल, असंही त्यात आहे. मॅनेजमेंटपुढे पैसे मागायला जाताना हे आकडे कामाला येतात.

एक गोष्ट सेफ्टीवाले सहसा बघत नाहीत, ती म्हणजे करार. विमान कंपनीशी झालेल्या प्रमाणित हँडलिंग करारात आणि त्याच्या जोडपत्रात टर्नअराउंडची मिनिटं आणि उशिराचा दंड लिहिलेला असतो. ते कागद कमर्शिअल विभागाच्या कपाटात असतात. ते मागून घ्या, आणि स्टँडवर घड्याळ लावून बघा की तुमच्या कार्यपद्धतीतली प्रत्येक पायरी करून, दिलेल्या माणसांत, त्या मिनिटांत काम होतं का. होत नसेल तर तुम्ही रोज एका कागदावर एक कबूल करताय आणि दुसऱ्या कागदावर त्याच्या उलट. मग रॅम्पवरचा माणूस पायरी गाळतो आणि दोष त्याच्यावर येतो. कराराचं नूतनीकरण जवळ असेल तर आताच वाक्य घालून घ्या: सुरक्षेच्या कारणाने काम थांबवलं तर उशिराचा दंड हँडलरवर नाही. विमान कंपन्याही याला आता पूर्वीइतकं आडून बसत नाहीत, कारण घासलेलं विमान त्यांचंच असतं.

उपकंत्राटदारही यातच येतात. केबिन क्लीनिंग, मजूर पुरवठा, उपकरणं भाड्याने देणारे. काम दुसऱ्याला दिलं तरी घोषणापत्रावर सही तुमची. त्यांची माणसं तुमच्या ब्रीफिंगला उभी असतात का? त्यांचा घासल्याचा रिपोर्ट तुमच्याकडे येतो की त्यांच्या मुकादमापाशीच जिरतो?

रिस्क रजिस्टर, निर्देशक, सेफ्टी समितीच्या बैठका हे सगळं करावं लागेल. त्यावर पुस्तकं आहेत, मी लांबण लावत नाही. एवढंच सांगतो की रजिस्टरमध्ये शंभर ओळी भरू नका. तुमच्या स्टेशनवरचे दहा-बारा खरे धोके लिहा, स्टँड क्रमांकासकट. आणि बदल होताना रजिस्टर उघडायची सवय लावा. डिझेल टगच्या जागी इलेक्ट्रिक आले की आवाज जातो, पाठमोऱ्या माणसाला गाडी आल्याचं कळत नाही. हे खरेदीच्या फाइलमध्ये कुणी लिहीत नाही, ते तुमचं काम.

जबाबदार व्यवस्थापक म्हणून कुणाचं नाव जाणार, हे लवकर ठरवून घ्या. ज्याला पैसे मंजूर करता येतात आणि गरज पडली तर विमान थांबवता येतं, असाच माणूस तिथे हवा. तुमचं नाव पुढे करतील, कारण ‘सेफ्टी तुम्हीच बघता’. नम्रपणे नाही म्हणा. तुमच्याकडे सल्ला द्यायचं आणि थेट त्याच्याशी बोलायचं स्वातंत्र्य असलं पाहिजे, बजेट त्याच्याकडे. आणि त्याला महिन्यातून एकदा, न सांगता, रात्रपाळीत रॅम्पवर आणा.

वेळेचा अंदाज हवा असेल तर माझा असा: पहिले दोन महिने फक्त निरीक्षण आणि तिसरा रकाना. रिपोर्टिंगचं धोरण पहिल्याच महिन्यात, कारण विश्वास बसायला वर्ष लागतं. त्यानंतर सहा-सात महिने कार्यपद्धती लिहिणं आणि स्टँडवर करून बघणं. ट्रेनिंग त्याच्याही नंतर. आधी घेतलं तर बदललेल्या पद्धतीसाठी पुन्हा घ्यावं लागेल. शेवटचे चार महिने फक्त चालवून बघा. दुसऱ्या स्टेशनच्या सेफ्टीवाल्याला बोलावून ऑडिट करायला सांगा, त्याच्याकडे तुम्ही जा.

राहिला सल्लागाराचा प्रश्न. घ्या, त्यात गैर काही नाही. नियमाचं कुठलं कलम तुम्हाला लागू होतं, नोंदी कशा ठेवायच्या, घोषणापत्र कसं भरायचं, हे तो तुमच्यापेक्षा लवकर करेल. कार्यपद्धती मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बाग्राममध्ये ७४७ मालवाहू विमान उडताक्षणी कोसळलं आणि आतले सातही जण गेले. आतली जड लष्करी वाहनं नीट जखडलेली नव्हती; एक वाहन मागे सरकलं. तपासात निघालं की विमान चालवणाऱ्या कंपनीच्या कार्गो मॅन्युअलमधून निर्मात्याने दिलेली जखडण्याची महत्त्वाची माहिती गळलेली होती, आणि दिलेल्या काही पद्धती चुकीच्या होत्या. म्हणजे मॅन्युअल होतं. म्हणून प्रत्येक कार्यपद्धतीच्या शेजारी तिचा मूळ आधार लिहा: निर्मात्याचं कुठलं पान, आयगॉमचा कुठला भाग, विमान कंपनीची कुठली सूचना. आधार सापडत नसेल तर ती ओळ कुठून आली ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि लिहिताना टेबलावर दोन जुने लोडर आणि एक पुशबॅकवाला बसवा, त्यांच्या शिफ्टचा पगार चालू ठेवून. सल्लागार एक वाक्य वाचेल आणि त्यातला एखादा जण मान हलवून म्हणेल, साहेब, पाच नंबरच्या स्टँडवर हे नाही होत. तिथे थांबा, आणि त्याच्यासोबत पाच नंबरला जाऊन या.